मामांच्या शेजारी कोण उभं आहे?

रिटायरमेंटला तीन महिने उरले की कंपनीला माणसाची अचानक आठवण येते. तोवर तीस-बत्तीस वर्षं तो टूलरूमच्या कोपऱ्यात असतोच, छताच्या पंख्यासारखा. चालू आहे म्हणून कुणी वर बघत नाही. मग एक दिवस एचआरमधून कुणीतरी येतं, हातात एक फॉर्म. वर लिहिलेलं असतं 'नॉलेज ट्रान्स्फर'. पहिला रकाना: आपण काय काम करता. दुसरा: त्यातल्या महत्त्वाच्या बाबी. तिसरा: हे ज्ञान कुणाला दिलं. चौथा: घेणाऱ्याची सही.

भोसरी, पिंपरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात माझा वावर पंचवीसेक वर्षांचा. त्यात असे भरलेले फॉर्म मी बरेच पाहिले. सगळे साधारण एकाच छापाचे. प्रेस टूलवर काम करणारे एक कारागीर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. (आपल्याकडे प्रत्येक शॉपमध्ये एक मामा आणि एक अण्णा असतातच.) त्यांनी दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: 'डाय साफ करणे. प्रेशर सेट करणे. रेडियस चेक करणे. पार्ट चेक करणे.' बत्तीस वर्षांच्या चार ओळी. आणि घेणाऱ्याची सही होती एचआरमधल्याच एका साहेबांची, कारण मामांच्या बेंचजवळ दुसरं कुणी नव्हतंच.

हे सांगितलं की लोक हसतात. नाहीतर म्हणतात, 'जुनी माणसं अशीच, हातचं राखून ठेवतात, सांगतच नाहीत.' मला वाटतं मामांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना जे लिहिता येण्यासारखं होतं ते त्यांनी लिहिलं. उरलेलं लिहिता येण्यासारखं नव्हतंच. चूक दुसऱ्या रकान्यात नाही, चौथ्यात आहे.

जरा सविस्तर सांगतो. ड्रॉ डाय म्हणजे सपाट पत्र्याला खोल आकार देणारं टूल. गाडीच्या इंजिनाखालचं ऑईल पॅन डोळ्यांसमोर आणा. पत्र्याची कड ब्लँक होल्डरने दाबून धरलेली असते, मधून पंच खाली येतो, आणि पत्रा डायच्या गोलाईवरून आत ओढला जातो. कड फार घट्ट धरली तर पत्रा कोपऱ्यात फाटतो. सैल धरली तर सुरकुत्या पडतात. उकडीच्या मोदकाची पारी ज्यांनी कधी वळली असेल त्यांना हे चटकन कळेल. पीठ किती, पाणी किती हे पुस्तकात असतं. पारी कुठे फाटणार ते बोटांना आधी कळतं.

तर असा एक पार्ट एका कोपऱ्यात फाटत होता. प्रेशर कमी करून झालं, वाढवून झालं, तेल बदलून झालं. मामांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या प्रेसकडे पाहिलंच नाही. आधी विचारलं, 'कॉईल कुठली लावलीय?' मग फाटलेला पार्ट उलटा करून उजेडात तिरपा धरला. पत्रा ज्या वाटेने सरकतो तिथे त्याच्यावर चकाकी येते. चारही कोपऱ्यांची चकाकी त्यांनी ताडून पाहिली. मग प्रेस बंद करायला लावून डायच्या त्या कोपऱ्यातल्या गोलाईवरून अंगठा फिरवला, दोनदा. खिशातून ऑईल स्टोन काढला आणि घासायला लागले, पण आडवं नाही. पत्रा ज्या दिशेने आत ओढला जातो त्याच दिशेने. वीसेक मिनिटं. मध्ये मध्ये अंगठा. पुढचा पार्ट अखंड आला.

आता तुम्ही म्हणाल, हे तर तू लिहिलंस की! कॉईल विचारा, चकाकी बघा, ओढीच्या दिशेने घासा. लिहिता येतंय. बरोबर आहे. आणि एवढं तरी लिहावंच. पण घासायचं किती? कधी थांबायचं? जास्त घासलं तर गोलाई बिघडते आणि तिथे सुरकुती येते, मग वेल्डिंग करून पुन्हा सगळं पहिल्यापासून. मामांना विचारलं तर उत्तर एकच, 'हाताला कळतं.' हे काही उडवून लावणं नव्हतं. खरंच हाताला कळतं, आणि हाताला कळायला तो हात काही वर्षं अशाच गोलाईवरून फिरावा लागतो. शेजारी एक जण उभा राहून 'अजून नाही... अजून नाही... आता बास' म्हणणारा लागतो. त्या 'आता बास'चा रकाना कुठल्याही फॉर्ममध्ये घालता येत नाही.

स्क्रॅपिंगचंही तेच. मशीनच्या बेडचा पृष्ठभाग सपाट करायचा तर त्यावर निळा रंग लावलेली सरफेस प्लेट फिरवायची, जिथे निळं लागेल तो भाग उंच, तो स्क्रॅपरने हलकेच खरवडायचा, पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं. एक इंचाच्या चौकोनात किती ठिपके यायला हवेत हे आकड्यात सांगता येतं. मनगट किती दाबायचं हे नाही. थंडीच्या दिवसांत फर्स्ट शिफ्टला डाय गार असते, तेल जाड झालेलं असतं, पहिले काही पार्ट सांभाळून काढावे लागतात, हे प्रत्येक प्रेसवाल्याला माहीत असतं. किती पार्ट, ते त्या प्रेसवरच्या माणसाला विचारायचं.

मायकेल पोलान्यी नावाच्या हंगेरियन-ब्रिटिश विचारवंताने १९६६ साली या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि अशा ज्ञानाला एक नाव दिलं. मराठीत आपण त्याला अबोल ज्ञान म्हणू. गंमत म्हणजे हे ज्ञान ज्याच्याकडे असतं त्यालाही ते पुरतं ठाऊक नसतं. याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे अण्वस्त्रांत वापरायचा एक पदार्थ होता, सांकेतिक नाव फॉगबँक. टेनेसी राज्यातल्या ओक रिजमध्ये १९७५ ते १९८९ या काळात तो बनवला गेला. मग काम संपलं, ती इमारत मोडीत निघाली, माणसं रिटायर झाली. २००० सालानंतर जुन्या अस्त्रांची डागडुजी करायची ठरली तेव्हा तो पदार्थ पुन्हा हवा झाला. नवी इमारत बांधली, कृती शोधून काढली, कोट्यवधी डॉलर आणि कित्येक वर्षं घातली, आणि पदार्थ काही जमेना! शेवटी कळलं की मूळ काळात कच्च्या मालात एक अशुद्धी असायची, आणि नेमकी तीच लागत होती. नव्या काळातली शुद्धीकरणाची पद्धत चांगली, म्हणून ती अशुद्धी निघून जात होती. ती आवश्यक आहे हे जुन्या माणसांनाही माहीत नव्हतं. त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतला असता तरी ते त्यात आलं नसतं.

अण्वस्त्रं तिथेच राहू देत. मुद्दा एवढाच, की 'लिहून घ्या' हा उपाय जगातल्या सगळ्यात जास्त कागद सांभाळणाऱ्या खात्यालाही पुरला नाही.

आपल्याकडे मात्र कागदाचा जोर वाढतोच आहे. आयएसओ ९००१ च्या २०१५ सालच्या आवृत्तीत ७.१.६ क्रमांकाचं एक कलम आलं: संस्थेला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, ते टिकवा, उपलब्ध ठेवा. कलम चांगलंच आहे. ते ज्यांनी लिहिलं त्यांना दुखणं कळलं होतं. पण आपल्या पट्ट्यात त्याचं काय झालं? ऑडिटच्या आधी फाईल झाली. हल्ली फाईलच्या जोडीला मोबाईलवर व्हिडिओ काढतात. व्हिडिओचा उपयोग आहे, मी नाकारत नाही; कुठला बोल्ट आधी सोडायचा, कुठला नंतर, हे त्यात छान दिसतं. पण अंगठा गोलाईवरून फिरताना त्या अंगठ्याला काय लागलं, ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

मग पूर्वी हे पुढे कसं जायचं? काही जादू नव्हती. कुणीतरी शेजारी उभं असायचं, आणि पुष्कळ दिवस उभं असायचं.

या पट्ट्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, पण त्याकडे या नजरेने कुणी बघत नाही. टेल्कोचा, म्हणजे २००३ पासूनच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना १९६६ साली उभा राहायला सुरुवात झाली. आणि इथून पहिलं व्यावसायिक वाहन तयार होऊन बाहेर पडलं ते १९७७ साली. मधली अकरा वर्षं काय चाललं होतं? मशीन टूल, डाय, जिग, फिक्श्चर बनवणं चाललं होतं, आणि ते बनवणारी माणसं बनवणं चाललं होतं. गाडीच्या आधी गाडी बनवायची हत्यारं, आणि हत्यारांच्या आधी हात. सुमंत मूळगावकरांचा हा हट्ट. (तेच मूळगावकर, ज्यांच्या नावाआडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून सुमो हे नाव आलं.) आज एखाद्या संचालक मंडळासमोर जाऊन सांगून बघा, 'पहिली गाडी अकरा वर्षांनी काढू, तोवर पोरं शिकवू.' चहासुद्धा मिळायचा नाही.

पण त्या अकरा वर्षांचं व्याज अख्ख्या परिसराने खाल्लं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मोठ्या कंपन्यांमध्ये पोरं घेतली जायची. आयटीआयचा फिटर, टर्नर, टूल अँड डाय मेकर. पहिले कित्येक आठवडे नुसतं फायलिंग. लोखंडाचा एक ठोकळा चारही बाजूंनी काटकोनात आणायचा, गुण्या लावून उजेड दिसता कामा नये. हाताला फोड यायचे. पोरं वैतागायची, आणि वैतागणं बरोबरच होतं, कारण तो ठोकळा शेवटी भंगारातच जायचा. पण हात तयार व्हायचा. मग कुणा एका उस्तादाच्या हाताखाली. उस्ताद म्हणजे काही गोड माणूस नव्हे. शिव्या द्यायचा, चहा आणायला पाठवायचा, स्क्रॅपरला महिनोन् महिने हात लावू द्यायचा नाही. मी त्या जमान्याचे गोडवे गात नाही. त्यात पुष्कळ वेळ आणि पुष्कळ पोरं वाया गेली. बाईमाणसाला तर टूलरूमचं दारही उघडं नव्हतं. पण उस्तादासोबत तीन-चार वर्षं काढलेला पोरगा बाहेर पडला तर भोसरीत दोन मशीन टाकून स्वतःचं वर्कशॉप काढायचा. भोसरी एमआयडीसीतल्या गल्ल्यागल्ल्यांतून जी शेकडो छोटी वर्कशॉपं दिसतात, त्यांच्या मालकांना विचारा, 'शिकलात कुठे?' मोठ्या कंपनीच्या टूलरूमचं नाव हमखास निघतं.

आता दुसरी बाजू. नव्वदीच्या शेवटाला आणि २००० नंतर व्हीआरएसच्या लाटा आल्या. पन्नाशीतली माणसं पैसे घेऊन घरी गेली. कंपन्यांचे ताळेबंद सुधारले असतील, पण टूलरूममधला मधला मजला निघून गेला. वर साठीला टेकलेले मामा, खाली नवी पोरं, आणि मध्ये कुणीच नाही. आणि ही नवी पोरं कोण? कंत्राटी, ट्रेनी, टेम्पररी. या पट्ट्यात 'ब्रेक' या शब्दाचा एक खास अर्थ आहे, तो बाहेरच्यांना कळत नाही. जुन्या स्थायी आदेशांनुसार सलग २४० दिवस भरले की कामगार कायम होण्याचा हक्क सांगू शकत असे. म्हणून सात महिने झाले की ब्रेक. मग तो पोरगा दुसऱ्या कंपनीच्या गेटवर, दुसऱ्या कंत्राटदाराच्या यादीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांनी मुदतीच्या नोकरीला रीतसर चौकट दिली. वर्षभरात ग्रॅच्युइटीचा हक्क वगैरे मिळाला, ते चांगलंच झालं. पण मुदत ती मुदतच.

इथे माझं साधं गणित आहे. ड्रॉ डायवर हात बसायला, मामांच्याच शब्दांत, सहा-सात वर्षं. नोकरी सात महिन्यांची. तुम्ही कितीही सुंदर फॉर्म छापा, कितीही व्हिडिओ काढा, हे गणित सुटत नाही.

चाकणला, महाळुंग्याला, निघोजेला कॉट बेसिसवर राहणारी पोरं बघा. लातूर, नांदेड, यवतमाळ, बिहार, उत्तर प्रदेश. एका खोलीत सहा-सात जण, शिफ्टप्रमाणे कॉट गरम. यातली कितीतरी हुशार असतात. एका पोराला तीन महिन्यांत कळलं होतं की अमुक पुरवठादाराची कॉईल लागली की पार्ट जास्त वेळा फाटतो. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं आपला आपण मेळ लावला होता. चौथ्या महिन्यात त्यानं ते सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझर म्हणाला 'बघू'. सातव्या महिन्यात त्याला ब्रेक मिळाला. त्याच्या जागी आलेला पोरगा पहिल्यापासून सुरू. म्हणजे नुसतं वरचं ज्ञान खाली येत नाही एवढंच नाही. खाली जे नवीन उगवतं तेही दर सात महिन्यांनी उपटलं जातं. फॉर्म भरून घेतात ते साठीच्या माणसाकडून. सात महिन्यांनी जाणाऱ्या पोराकडून कुणी घेत नाही, त्याला काही येत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

आणि मामांचं काय? 'हातचं राखतात' या आरोपाकडे परत येतो, कारण त्यात थोडं तथ्य आहेच. मांजरीने वाघाला सगळं शिकवलं, पण झाडावर चढायचं शिकवलं नाही, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्यात मांजरीचं काय चुकलं? वाघ तिच्याच मागे धावला की! ज्या माणसाने २००० च्या सुमाराला आपल्या बरोबरीच्या लोकांना व्हीआरएस घेऊन गेटबाहेर जाताना पाहिलं, त्याला तुम्ही सांगता, तुला जे येतं ते सगळं या कंत्राटी पोराला शिकव. तो मनात हिशेब करतो. याला आलं की मला कशाला ठेवतील? शिवाय शिकवण्यात जो वेळ जातो तो त्याच्या कामात धरला जात नाही. दिवसाची डाय वेळेत द्यायची आणि वर पोराला 'अजून नाही, अजून नाही' म्हणत बसायचं. इन्सेंटिव्ह डायचा मिळतो, पोराचा नाही. अशा परिस्थितीत जे शिकवतात ते निव्वळ हौसेखातर, आणि हौशी माणसं निघतात म्हणून हा पट्टा अजून चालू आहे, असं माझं मत आहे.

आता एक आक्षेप. मित्र म्हणतात, तू रडत बसलायस, पण स्क्रॅपिंग कोण करतं आता? पत्रा कुठे फाटेल ते संगणकावर सिम्युलेशनमध्ये आधीच दिसतं, डाय सीएनसीवर कापून येते, ट्रायआऊटचे दिवस कमी झालेत. खरं आहे. आणि काही ज्ञान मेलेलंच बरं. आकुर्डीचं उदाहरण घ्या. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातलं वाहन उत्पादन २००७ साली थांबलं. पंधरा वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच आकुर्डीत चेतक बनवणारा नवा कारखाना सुरू झाला, पण हा चेतक विजेवरचा. जुन्या चेतकच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारे कान या शहरात होते. विजेच्या चेतकला त्या कानांचं काय काम? नाहीच. त्याचा शोक करण्यात अर्थ नाही. शिवाय जुन्या माणसांच्या सगळ्याच युक्त्या काही खऱ्या नसायच्या. काही निव्वळ समजुती होत्या, कुणी तपासल्या नाहीत म्हणून टिकल्या. शेजारी उभं राहणाऱ्या पोराचा हाही एक उपयोग असतो, तो 'का?' विचारतो, आणि कधी कधी उस्तादालाच उत्तर देता येत नाही.

पण सिम्युलेशनवाल्यांना एक विचारा. संगणकाने जे दाखवलं त्यावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, हे त्यांना कुठून कळलं? जो चांगला सिम्युलेशन करतो तो बहुतेक वेळा आधी प्रेसजवळ उभा राहिलेला असतो. अबोल ज्ञान संपलेलं नाही, ते जागा बदलून बसलंय. चाकणच्या वेल्ड शॉपमध्ये रोबोट मध्येच थांबला की स्क्रीनवर एक कोड येतो, मॅन्युअलमध्ये त्या कोडची दहा कारणं असतात, आणि मेंटेनन्सचा एक विशिष्ट माणूस थेट जाऊन एक केबल हलवतो. तो गेला की? त्याच्या जागी दहा कारणं.

वीज आणि वाफेच्या धंद्यात या बाबतीत थोडी जास्त अक्कल दिसते, कारण तिथे चुकीची किंमत लगेच चुकवावी लागते. बॉयलर बघा. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा आला, पण एक गोष्ट शंभर वर्षं चालत आली आहे. बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट नुसतं पुस्तक वाचून मिळत नाही. आधी बॉयलरवर ठरावीक काळ काम केल्याचा दाखला लागतो, मग परीक्षा. झरोक्यातून दिसणाऱ्या ज्वाळेचा रंग बदलला की काय करायचं, हे कळायला माणूस त्या ज्वाळेसमोर उभा राहिलेला हवा, हे सरकारने कायद्यात लिहून ठेवलं. डायच्या बाबतीत असा कायदा नाही, कारण डाय फुटून माणसं मरत नाहीत, फक्त पार्ट रिजेक्ट होतात.

आणखी एक उदाहरण कोयनेचं. धरण भरलेलं असताना, जलाशयाच्या तळाखाली बोगदा आणून शेवटचा खडकाचा पडदा स्फोटाने उडवायचा, याला लेक टॅपिंग म्हणतात. हे तंत्र नॉर्वेमधलं. कोयनेला ते पहिल्यांदा झालं १३ मार्च १९९९ रोजी आणि दुसऱ्यांदा २५ एप्रिल २०१२ रोजी. मध्ये तेरा वर्षं. यावर माझा एक हिशेब: १९९९ ला पस्तिशीत असलेला इंजिनियर २०१२ ला अठ्ठेचाळीसचा, म्हणजे अजून नोकरीत, उलट अधिकाराच्या जागेवर. हीच दोन कामं तीस वर्षांच्या अंतराने आली असती तर पहिल्या कामावरचं कुणी दुसऱ्या कामावर असणं जवळपास अशक्य होतं. जपानमधलं इसे इथलं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. गेल्या वेळी २०१३ साली बांधलं, आता २०३३ ला. धार्मिक कारणं काहीही असोत, सुताराच्या दृष्टीने ही वीस वर्षं अगदी नेमकी आहेत. विशीत हेल्पर, चाळिशीत कारागीर, साठीत उस्ताद. एका माणसाला एका आयुष्यात तीन वेळा देऊळ मिळतं, आणि प्रत्येक वेळी शेजारी दुसरा कुणीतरी असतो.

आपल्याला देऊळ बांधायचं नाही. पण मामांची रिटायरमेंट कुठल्या तारखेला आहे हे कंपनीला त्यांच्या जॉइनिंगच्या दिवसापासून माहीत असतं! दुसरी कुठलीही घटना इतकी आधी कळत नाही. मशीनचा शाफ्ट कधी तुटेल ते कळत नाही, तरी त्याचा स्पेअर स्टोअरमध्ये ठेवतात. माणसाचा स्पेअर शेवटच्या तीन महिन्यांत शोधतात. पाच वर्षं आधी दोन पोरं त्यांच्या बेंचला लावायची, कायम करायची, मामांना दिवसातले दोन तास शिकवण्याचे म्हणून द्यायचे आणि त्या दोन तासांचा इन्सेंटिव्ह द्यायचा. दोन पोरं का, तर एक जाणारच. खर्च आहे, मान्य. दोन पोरांचा पाच वर्षांचा पगार हा आकडा साहेबांना मोठा वाटतो. एक डाय बिघडल्यामुळे लाईन दोन दिवस थांबली तर किती जातात, तो आकडा दुसऱ्या खात्यावर पडतो, म्हणून कुणी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडत नाही.

भोसरीत एक छोटा टूलरूमवाला आहे, मशीन मोजून सहा. त्याने मोठ्या कंपनीतून रिटायर झालेल्या एका कारागिराला आठवड्यातून तीन दिवस, फक्त सकाळचं, बोलावलंय. काम करायला नाही. दोन पोरांच्या मागे उभं राहायला. पोरांना तीन वर्षांचं लेखी आश्वासन आणि दरवर्षी ठरलेली वाढ. मी त्याला विचारलं, 'शिकून चाकणला गेली तर?' तो म्हणाला, 'जातील ना. मी पण असाच आलो. तिकडे गेली तर तिकडच्या डाय दुरुस्तीला माझ्याकडेच पाठवतील.' मग आतून कुणीतरी 'अजून नाही रे, थांब' असं ओरडलं आणि तो बघायला आत गेला.